सांध्याच्या खाली

निफाड तालुक्यात अंगणात आंबा लावणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. फारसा शहाणाही समजत नाही. बांधावर एखादे रायवळ झाड असते, त्याला लोणच्यापुरत्या कैऱ्या येतात आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान असते. हा मुलूख द्राक्षांचा. जमीन काळी, खोल, पावसाळ्यात पाय रोवून धरणारी आणि एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. खाली चुनखडी. उन्हाळा कोरडा आणि कडक. पण आंब्याचा खरा वैरी उन्हाळा नव्हे, थंडी. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात ‘राज्यातील नीचांकी तापमान’ अशी बातमी आली की तिच्यात बहुधा आमचे नाव असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा. बाहेरच्यांना त्याचे कौतुक वाटते. इथे त्या आकड्यावर रात्रीची झोप ठरते, कारण पारा चार-पाच अंशांखाली उतरू लागला की द्राक्षाचे मणी तडकतात. मग बागांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात, पहाटे विहिरीचे कोमट पाणी सोडले जाते आणि सकाळी सगळे शिवार धुरकट दिसते.

या गावात माझे वडील, अण्णा, १९७४ साली माध्यमिक शाळेत संस्कृतचे शिक्षक म्हणून आले. ते राजापूर तालुक्यातले. चोवीस वर्षांचे होते. पुढची अठ्ठेचाळीस वर्षे ते इथेच राहिले. पण ‘आमच्याकडे’ हा शब्द त्यांनी निफाडसाठी वापरल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे पाऊस असा पडत नाही. आमच्याकडे चुलीत काट्या अशा लावत नाहीत. आंब्याच्या दिवसांत हे ‘आमच्याकडे’ इतके वाढे, की आई म्हणायची, “अहो, राहता कुठे तुम्ही?”

कोकणातल्या घरासमोरच्या खळ्यात हापूसचे एक झाड होते. आजोबांनी लावलेले. त्याला घरात ‘खळ्यातला’ एवढेच म्हणत. कोकणात झाडांना नावे असतात, पण त्यातही एक भेद आहे आणि तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. रायवळ झाडांची नावे फळांवरून पडतात : कुठला शेंदऱ्या, कुठली बिटकी, कुठला खोबऱ्या. कलमी झाडांची नावे जागेवरून पडतात : खळ्यातला, विहिरीवरचा, वाटेवरचा. कारण उघड आहे. रायवळ आंबा कोयीतून उगवतो आणि कोयीतून उगवलेले प्रत्येक झाड निराळे असते. आई कोण ते सांगता येते, बापाचा पत्ता माशांना आणि वाऱ्याला. कलमाचे तसे नाही. हापूसच्या डोळकाडीवर वाढलेले झाड हे हापूसचे अपत्य नव्हे, तोच हापूस आहे. देवगडपासून रत्नागिरीपर्यंत जी लाखो झाडे उभी आहेत ती एका अर्थी एकाच झाडाची विखुरलेली शरीरे आहेत. मग त्यांना वेगळे ओळखायचे तर जागेखेरीज दुसरे काय सांगणार?

‘कलम’ हा शब्द वर्गात शिकवताना मी नेहमी थोडी रेंगाळते. अरबीतून आलेला हा शब्द. मूळ अर्थ बोरू. आपल्याकडे तो लेखणी झाला, कायद्याचे कलम झाला आणि झाडाचेही कलम झाला. कापणे आणि छाटणे या तिन्हींच्या तळाशी कुठेतरी आहे. पण विद्यार्थ्यांना हे सांगताना मी कधी प्रत्यक्ष कलम बांधलेले पाहिले नव्हते. ते २०१६च्या पावसाळ्यात पाहिले.

त्या वर्षी, खळ्यातला रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार हे ठरले होते. अण्णा महिनाभर गावी राहिले. शेवटचे दहा दिवस मी होते. कोकणात कोय कलम करतात. ताज्या कोयी ओल्या मातीत घालतात. पंधरवड्यात त्यांतून तांबूस, कोवळी, काचेसारखी रोपे वर येतात. त्या रोपाचा शेंडा बोटभर, दोन बोटे ठेवून छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि तिच्यात हापूसच्या काडीची पाचर बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. खालचा तो खुंट, वरची ती डोळकाडी. माझ्या चुलतभावाने अशी बारा कलमे बांधली. खुंटासाठी कोयी कुठल्या, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “कुठल्यापण! रायवळाच्या. खुंटाला कोण विचारतो?” अण्णांनी मात्र मला दोन नियम घोकून घेतल्यासारखे सांगितले. सांध्याच्या खालून फुटलेला फुटवा दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर खुंट वर चढतो आणि कलमाला मारतो. आणि दुसरा : सांधा कधी मातीत जाऊ द्यायचा नाही, तो जमिनीपासून वीतभर वर दिसत राहिला पाहिजे.

बारांपैकी चार जगली. तीन गावातल्या नातेवाइकांकडे गेली आणि एक २०१७च्या जूनमध्ये एसटीने आमच्याकडे आले, वाहकाच्या आसनामागे, गोणपाटात गुंडाळून. अण्णांनी खड्डा महिनाभर आधी खणून ठेवला होता. काळ्या मातीत पाणी साचते म्हणून त्यांनी तळाशी विटांचे तुकडे घातले, वर मुरूम, वर शेणखत आणि सर्वांत वर गावाहून पिशवीतून आणलेली ओंजळभर तांबडी माती. त्या ओंजळीचा झाडाला काही उपयोग नव्हता हे त्यांनाही कळत होते.

२०१८च्या एप्रिलात खळ्यातला तोडला. त्याआधीच्या उन्हाळ्यात नातेवाइकांकडची तीनही कलमे पाण्याअभावी गेली होती. आमच्या अंगणातले कमरेएवढे रोप आता एकटे उरले होते. अण्णा त्याला ‘अंगणातला’ म्हणत नसत. ‘खळ्यातला’च म्हणत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते अचूक होते.

इथे थोडे थंडीबद्दल सांगायला हवे, कारण आंबा आणि थंडी यांचे नाते वैराइतके सरळ नाही. मोहोर येण्यासाठी आंब्याला थंडी लागते. कोकणातला बागायतदार डिसेंबरात आकाशाकडे बघत थंडीची वाट पाहत असतो. ती आली नाही तर झाड नुसती पालवी काढते. पण ही थंडी सौम्य हवी. रात्री फार गारठल्या तर मोहोर येतो तो फसवा. आंब्याच्या मोहोरात दोन प्रकारची फुले असतात, नुसती नर आणि संयुक्त. फळ धरते ते संयुक्त फुलातच. थंडी वाढली की संयुक्त फुलांचे प्रमाण घटते, परागांतला जीव कमी होतो, आणि परागण करणाऱ्या माशाही गारठून बसतात. झाड फुलांनी लवलेले दिसते आणि फळ एकही धरत नाही.

अण्णांनी हे मला शेतीच्या पुस्तकातून शिकवले नाही, शाकुंतलातून शिकवले. सहाव्या अंकात दोन उद्यानपालिका वसंतोत्सवासाठी आंब्याच्या कळ्या खुडत असतात आणि कंचुकी त्यांना दटावतो : राजाने उत्सव बंद केला आहे, तुम्हांला ठाऊक नाही? झाडांना आणि पाखरांनासुद्धा ठाऊक आहे. आंब्याची कळी येऊन किती दिवस झाले, पण तिच्यात पराग धरत नाही. शिशिर सरला तरी कोकिळाचा सूर गळ्यातच अडला आहे. शकुंतलेच्या विरहाने दुष्यंत शोकात आहे, म्हणून सारी सृष्टी थबकली आहे, असा हा कविसंकेत. अण्णा दहावीच्या मुलांना हे सांगून झाल्यावर खिडकीतून शाळेच्या कुंपणाजवळच्या आंब्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, की निफाडात कंचुकीची गरज नाही. इथे शिशिरच सरत नाही. मुले हसत. पुढे मी एम.ए.ला ‘निसर्गाचे मानुषीकरण’ वगैरे शिकले तेव्हा मला जाणवले, की कालिदासाने कळीत पराग न धरण्याचे कारण कल्पिले असेल, पण पराग न धरलेली कळी त्याने पाहिलेली असली पाहिजे. एवढा नेमका तपशील नुसत्या संकेतातून येत नाही, असे माझे मत आहे.

असो. आता जे सांगायचे ते.

डिसेंबर २०१८मध्ये अण्णांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ते नाशिकला माझ्या भावाकडे होते. मी निफाडच्या घरी होते. उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे संपवायचे होते. अण्णांचा रोज संध्याकाळी फोन येई. रोपाभोवती चार काठ्या रोवून ठेवल्या होत्या. त्यांवर गोणपाट टाकायचे, बुंध्याशी पाणी द्यायचे आणि जवळ गोवऱ्यांची धग ठेवायची. मी हे नेमाने करत होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका रात्री केले नाही. कारण सांगण्याजोगे नाही. पत्रिका तपासता तपासता साडेबारा झाले, अंगणात जायचा कंटाळा आला आणि मनात आले की एका रात्रीने काय होते. फोनवर मात्र मी आधीच ‘हो, टाकले’ असे म्हणून बसले होते.

त्या आठवड्यात पारा दोन अंशांच्याही खाली गेला. सकाळी गवतावरचे दव गोठलेले होते. शेजारच्या द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या होत्या. धुराचा वास मला झोपेतही आला असणार. रोपाची पाने आधी शिजवल्यासारखी हिरवीकाळी झाली, दोन दिवसांत तपकिरी पडली, आणि आठवड्याभरात काडी वरून खाली वाळत सांध्यापर्यंत आली. मी नखाने साल खरवडून पाहत होते. सांध्याच्या वर सगळे वाळके होते. सांध्याखाली मात्र साल हिरवी होती.

अण्णा परत आले तेव्हा मी त्यांना सांगितले, की थंडीने वरचे जळले. गोणपाटाचे सांगितले नाही. ते काही बोलले नाहीत. डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळे चेहराही वाचता आला नाही. वाळकी काडी त्यांच्या नजरेआड असताना मीच कापून टाकली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस बुंध्याला तांबूस फुटवा आला. मी त्यांना हाक मारून दाखवला आणि म्हटले, “अण्णा, फुटला बघा.” हे खरे होते. कुठून फुटला ते मी म्हटले नाही.

फुटवा सांध्याच्या खालून आला होता. म्हणजे तो खुंट होता, कुठल्याशा बांधावरच्या रायवळाची कोय. खळ्यातला संपला होता.

त्यानंतरची तीन वर्षे अण्णांनी त्या झाडाची जी सेवा केली ती मी पाहत होते. हिवाळ्यात गोणपाट, उन्हाळ्यात आळे, पाने पिवळी पडली तर चुनखडीवर काय उपाय म्हणून द्राक्षवाल्यांशी चर्चा. झाड भराभर वाढले. रायवळ असेच वाढते. त्याचे मूळ खोल जाते आणि त्याला लाड लागत नाहीत. मी प्रत्येक ऋतूत ठरवत होते की आता सांगावे. ओठांवर आले की वाटे, आता सांगून काय मिळणार? त्यांना विचारायला वाव राहू नये म्हणून मी स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “हा अण्णांचा हापूस.” अण्णा जवळ असले तर मान हलवत.

याच काळात, ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले त्याची चर्चा आमच्याकडे अधूनमधून निघत असे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांत पिकलेल्या फळालाच ते नाव लावता येते. म्हणजे कलम जगले असते तरी आमच्या अंगणातल्या फळाला ते नाव मिळाले नसते. लाकूड तेच, रस तोच, पण माती दुसरी म्हणून नाव नाही. अण्णांना हे पटत होते. ते म्हणत, “बरोबरच आहे. इथला हापूस म्हणजे मी. उच्चार शुद्ध, पण चव नाही.” मला ते पटत नव्हते. त्या वर्षी मी एम.ए.च्या वर्गाला नेमाड्यांचा देशीवाद शिकवत होते आणि ‘मातीतले’, ‘रुजलेले’, ‘अस्सल’ ही विशेषणे विद्यार्थ्यांच्या उत्तरांत अशी सैलपणे येत होती, की मी लाल शाईने त्यांखाली रेघा मारत होते. कोणती माती? कोणी रुजवलेले? कोकणाचे अस्सल फळ म्हणतो त्याचे नावच आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले असे मानतात, आणि हापूसची कलमे प्रथम पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात वाढली असे सांगतात. वर्गात हे सांगताना मी फार ठाम असे. घरी आल्यावर दारातच ते झाड दिसे आणि माझा ठामपणा उंबऱ्याशी गळून पडे. अस्सलपणाची चिकित्सा करणारी मी, घरात एका रायवळाला हापूस म्हणून मिरवत होते.

अण्णा २०२२च्या पावसाळ्यात गेले. हृदयविकाराने, दोन दिवसांत. काही सांगायला अवधी मिळाला नाही. मिळाला असता तरी मी सांगितले असते की नाही, याची खात्री देत नाही.

दिवाळीनंतर मी अंगण साफ करायला घेतले. झाडाचे आळे उकरताना मला जाणवले की बुंध्याशी मातीची भर फार आहे. सपाट आळे नव्हते. बुंध्याभोवती वीतभर उंच ढिगारा होता, थापून गुळगुळीत केलेला, वरून पालापाचोळ्याने झाकलेला. मला वाटले पावसाने माती वाहून आली असेल. पण अंगणाचा उतार उलट दिशेला आहे. मी ती माती हाताने बाजूला केली. आत सांधा होता. म्हणजे जिथे सांधा होता ती जागा. वाळक्या काडीचा तुटका कोंभ एका बाजूला, आणि त्याच्या खालून, ओळखू येईल असा, वाकून वर गेलेला आताचा बुंधा. ज्याला कलमातले ओ की ठो कळत नाही त्यालाही दिसले असते, झाड कुठून आले आहे ते.

सांधा मातीत जाऊ द्यायचा नाही, हा नियम ज्यांनी मला शिकवला होता त्यांनीच ती भर घातली होती.

मी बराच वेळ तिथे बसून होते. मग माती होती तशी पुन्हा लोटली आणि थापली.

आता वाटते, की कोकणातल्या माणसाला पान चुरगळून वास घेतला तरी पुरते. तांबूस पालवीची छटा पुरते. पहिल्या आठवड्यातच त्यांना कळले असणार. गोणपाटाचे कळले होते का, हे मात्र मला कधीच कळणार नाही. माती त्यांनी माझ्यासाठी घातली, स्वतःसाठी घातली की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसाठी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मौनाचे अर्थ लावण्याची खोड असते. इथे ती खोड उपयोगाची नाही, एवढे मी शिकले.

२०२४च्या फेब्रुवारीत झाडाला पहिला मोहोर आला. अंगणभर गोडसर, उग्र वास पसरला. पंधरा दिवसांत सगळा झडला. शिशिर सरला नव्हता. २०२५मध्ये पुन्हा आला, उशिरा, मार्चच्या तोंडावर, आणि या वेळी धरला. मोजून सतरा कैऱ्या. घाटावरचा आंबा कोकणच्या मागून पिकतो, जूनशिवाय तयार होत नाही. आणि त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यापासूनच वळीव कोसळू लागला. २६ मेला तर मान्सून मुंबईत पोहोचला होता. द्राक्षवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते, कारण पुढच्या हंगामाची काडी उन्हावर तयार होते आणि ऊनच नव्हते. आमच्या झाडाच्या सहा कैऱ्या वाऱ्याने पडल्या. उरलेल्या मी पावसाच्या एका उघडिपीत उतरवल्या आणि अण्णांच्या खोलीत, गव्हाच्या काडाची आढी घालून ठेवल्या.

फळ लहान, लांबट, टोकाशी किंचित वाकडे. पिकल्यावर फारसे पिवळे झाले नाही. देठाशी हिरवेच राहिले. वास चिकाचा. आत रेषा इतक्या, की सुरी लावण्यात अर्थ नव्हता; चोखूनच खावे लागले. आधी आंबट, मग गोड, मग पुन्हा आंबट. कोकणात असल्या आंब्यांचे गूळ आणि मोहरी घालून रायते करतात. मी चार फळांचे केले. आईसारखे झाले नाही, पण वाईटही झाले नाही.

शेजारचे द्राक्षबागाईतदार काका सकाळी आले होते, खताच्या पोत्याचे काही विचारायला. त्यांना मी दोन आंबे दिले. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला, हुंगला आणि जरा संकोचून विचारले, “मॅडम, हा सरांचा हापूस ना?”

“नाही काका,” मी म्हणाले, “रायवळ आहे. कलम थंडीत मेलं. हा खालचा खुंट.”

ते झाडाकडे पाहत राहिले. झाड आता कौलांच्या वर गेले आहे. गोणपाट घालायचे म्हटले तरी घालता येणार नाही.

“म्हणजे त्या साली वाचलेला हाच का?” ते म्हणाले. “मग कोयी टाकू नका. मला द्या दोन. बांधाला लावतो.”